वाचकांचे प्रश्न : घरी आहे, पण मोकळी नाही

गेल्या अंकात घरून काम करण्याविषयी पत्रं मागवली होती. इतकी येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली पाच इथे घेतली आहेत. नावं छापू नका असं बहुतेकांनी लिहिलं आहे, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही. यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम मी नऊ वर्षं केलं, त्यातली पाच पूर्णपणे घरून. त्यामुळे काही उत्तरांत माझं घर डोकावेल.

प्रश्न : ताई, मी एका विमा कंपनीसाठी दावे तपासण्याचं काम घरून करते. मुलगा सात वर्षांचा आहे, सासूबाई आमच्याकडेच असतात. ऑफिसला जाण्यायेण्यात रोज अडीच तास जायचे, ते वाचले म्हणून सुरुवातीला फार बरं वाटलं. आता मात्र बेल वाजली की मी, कुरिअर आलं की मी, पेन्सिल सापडत नाही तरी मीच. नवराही आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतो, पण त्याच्या दाराशी कुणी जात नाही. राहिलेलं काम उरकायला रात्री अकराला पुन्हा लॅपटॉप उघडावा लागतो. कंपनीने आता विचारलंय की पूर्ण वेळ घरून काम करणार, की आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला येणार. महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. काय सांगू?

आधी त्या अडीच तासांचं बोलू. आठवड्याचे साडेबारा तास होतात, म्हणजे कामाचा जवळजवळ दीड दिवस. तो कुठे गेला, हे तुम्ही एकदा लिहून काढा. मी काढलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आठवडाभर वेळा टिपत गेले. माझे दिवसाला दोन तास वाचत होते. त्यातला सव्वा तास कामानेच खाल्ला होता. अर्धा तास घरातल्या ‘जरा’ने नेला : जरा बघ, जरा दे, जरा खाली जाऊन ये. माझ्यासाठी उरली होती पंधरा मिनिटं. हे फक्त माझ्याच बाबतीत घडलं असंही नाही. २०२१ आणि २०२२ मध्ये २७ देशांतल्या लोकांना विचारून केलेल्या एका पाहणीत घरून काम करणाऱ्यांचा रोज सरासरी ७२ मिनिटांचा प्रवास वाचतो असं दिसलं, आणि त्या वाचलेल्या वेळातला सुमारे ४० टक्के लोकांनी पुन्हा कामालाच दिला होता.

‘जरा’ दोन मिनिटांचं असतं, पण तेवढ्यावर भागत नाही. तुम्ही दाव्याची कागदपत्रं जुळवत असता, बिलावरची तारीख आणि डिस्चार्जची तारीख डोक्यात धरलेली असते, आणि हाक येते. परत येऊन बसलं की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. अशी आठ ‘जरा’ दिवसात झाली की रात्रीचे अकरा वाजणारच. तुमच्या कामाचा वेग कमी आहे असं स्वतःला सांगत असाल तर ते आधी थांबवा.

आता दाराविषयी. नवऱ्याच्या दाराशी कुणी जात नाही आणि तुमच्या दाराशी सगळे येतात, यात घरून काम करण्याचा दोष थोडाच आहे. बाई घरी दिसली की ती मोकळी आहे असं घर धरून चालतं. ते मनात ठेवून, कुढत बसून बदलत नाही; बोलावं लागतं आणि नेमकं बोलावं लागतं. ‘मला त्रास देऊ नका’ म्हटलं की माणसं दुखावतात आणि चार दिवसांत विसरतात. त्याऐवजी सासूबाईंना म्हणा, ‘आई, मी एक ते दोन तुमचीच आहे, तोवरचं सगळं या कागदावर लिहून ठेवा.’ मुलासाठी खूण लागते. माझ्या टेबलावर एक पिवळा दिवा होता. दिवा चालू असला की आई कामावर, बंद असला की आई घरी. पहिले दोन आठवडे माझी मुलगी दिवा चालू असतानाही यायची. मी काही न बोलता दिव्याकडे बोट दाखवायचे. तिसऱ्या आठवड्यात तीच आजोबांना सांगायला लागली.

मात्र दिव्याचा नियम मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त पाळावा लागतो. मुलीने सहाव्या वर्षी घराचं चित्र काढलं होतं. त्यात आई पलंगावर झोपलेली होती, डोळे मिटलेले, आणि कानांवर हेडफोन. मी तिला विचारलं, झोपताना हेडफोन कशाला? ती म्हणाली, ‘ते तुझेच आहेत ना.’ त्या दिवसापासून सात वाजता दिवा बंद झाला की लॅपटॉप पिशवीत आणि पिशवी कपाटात, असं मी सुरू केलं. ऑफिसातून निघताना जिना उतरतो, गाडीत बसतो, तिथे दिवस आपोआप मिटतो. घरी तो आपल्या हाताने मिटवावा लागतो. मला विचाराल तर घरून काम करण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे. ऑफिसात जे न मागता होतं, ते घरी रोज ठरवून करावं लागतं.

तुमच्या निर्णयाविषयी माझं मत स्पष्ट आहे : तीन दिवस ऑफिस घ्या. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास कंपनीतल्या १,६१२ जणांना दोन गटांत वाटलं होतं. एक गट रोज ऑफिसात, दुसऱ्याला आठवड्यातले दोन दिवस घरून कामाची मुभा. मुभा मिळालेल्यांत नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. कामाचा दर्जा आणि बढती यांत पुढची दोन वर्षं काही फरक दिसला नाही. सगळ्यात जास्त फायदा झाला तो स्त्रियांना आणि लांबून येणाऱ्यांना. तुमच्यासमोर नेमकी हीच वाटणी आली आहे.

एक गोष्ट मात्र कंपनीला कळवण्याआधी घरी ठरवा. नवरा ज्या दोन दिवशी घरून काम करतो, ते दोन्ही तुमचे ऑफिसचे दिवस असू द्या. बेल तेव्हाही वाजेल, पेन्सिल तेव्हाही हरवेल. घराला त्याचं दार ठोठावण्याची सवय लागू दे.

प्रश्न : ताई, मी तेवीस वर्षांचा आहे. सॉफ्टवेअर तपासण्याची पहिलीच नोकरी, पूर्ण वेळ घरून. अकरा महिने झाले, टीममधल्या कुणालाही प्रत्यक्ष भेटलेलो नाही. काम वेळेत देतो, तक्रार नाही. पण अडलं की कुणाला विचारावं ते कळत नाही. मेसेज लिहितो आणि खोडतो. मित्र म्हणतात, नशीबवान आहेस. मला तसं वाटत नाही. माझं काही चुकतंय का?

तुझं काही चुकत नाही. तुला जे जाणवतंय ते खरं आहे आणि तू ते लिहिलंस, हे फार चांगलं केलंस.

माझ्या पहिल्या नोकरीत मी एका ज्येष्ठ सहकारी बाईंच्या शेजारी बसायचे. त्या स्वतःचा मजकूर पुटपुटत वाचायच्या. एखाद्या वाक्यापाशी थांबायच्या, ‘छे’ म्हणायच्या, आणि पुन्हा वाचायच्या. त्यांनी मला मुद्दाम असं फारसं काही शिकवलं नाही. त्या कुठल्या वाक्याला थांबतात, हे ऐकून ऐकून मी शिकले. सहा महिन्यांनी माझ्या वाक्यांना मीच ‘छे’ म्हणायला लागले. हे शिकणं कुठल्याही प्रशिक्षणात नसतं आणि व्हिडिओ कॉलवर मिळत नाही, कारण कॉलवर माणूस तयारी करून येतो. त्याचं अडखळणं दिसतच नाही.

सॉफ्टवेअर अभियंत्यांवरच्या एका अभ्यासातही हेच निघालं : टीमजवळ बसणाऱ्यांना त्यांच्या कोडवर जास्त अभिप्राय मिळतात, आणि नव्या, तरुण लोकांच्या बाबतीत हा फरक सगळ्यात ठळक असतो. मायक्रोसॉफ्टच्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२० मधल्या संपर्काचा अभ्यास झाला, तेव्हा सगळे घरी गेल्यावर माणसं आपापल्या गटातच बोलायला लागली आणि गटांमधले दुवे विरळ झाले, असं दिसलं. जुन्या माणसाकडे आधीच्या ओळखींची शिदोरी असते, त्यावर तो वर्ष-दोन वर्षं काढतो. तुझ्याकडे ती नाही.

म्हणून तुझ्या वयात, पहिल्या नोकरीत, पूर्ण वेळ घरून काम कर असं मी सांगणार नाही. कंपनीचं ऑफिस असेल तर आठवड्यातून निदान दोन दिवस जा, आणि ज्या दिवशी टीममधले इतर येतात तेच दिवस निवड. रिकाम्या ऑफिसात जाऊन हेडफोन लावून बसण्यात काही मिळणार नाही. ऑफिसच नसेल तर तीन महिन्यांतून एकदा टीमने भेटावं, असं वरिष्ठांना लेखी सुचव. नवा माणूस असं मागतोय, याचं त्यांना कौतुकच वाटेल.

आणि तो खोडलेला मेसेज. तो असा लिहून बघ : ‘मी हे तीन उपाय करून पाहिले, तिसऱ्याला असा एरर येतो. पंधरा मिनिटं स्क्रीन शेअर करून दाखवू का? आज चार किंवा उद्या अकरा.’ यात तू काय केलंस ते दिसतं, किती वेळ हवा ते दिसतं, आणि समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं. ‘हॅलो सर, एक शंका होती’ एवढंच पाठवून उत्तराची वाट बघत बसू नकोस. त्यात तुझा अर्धा दिवस जातो.

वरिष्ठांच्या नजरेत राहण्याविषयीही सांगते, कारण ते मला उशिरा कळलं. घरून काम करताना सलग तीन वर्षं माझ्या पुस्तिका सगळ्यात कमी दुरुस्त्या होऊन परत यायच्या. बढती मिळाली ती रोज ऑफिसात असणाऱ्या सहकाऱ्याला. तो चांगला होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण यादी करायला बसलेल्या माणसाला माझा चेहरा आठवला नव्हता. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सीट्रिप (ट्रिप डॉट कॉमचंच जुनं नाव) कंपनीतला प्रयोग प्रसिद्ध आहे. निकाल २०१५ मध्ये छापून आले. वाढदिवसाची तारीख सम की विषम, यावरून कोण घरून काम करणार ते ठरवलं होतं. घरी बसलेल्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. पण सारखंच काम करूनही त्यांना बढती कमी मिळाली. माझी बढती हुकल्यापासून मी दर शुक्रवारी वरिष्ठांना पाच ओळींचा मेल लिहायला लागले : या आठवड्यात काय संपलं, काय अडलं, पुढे काय. तूही लिही. यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. ऑफिसात हीच माहिती येताजाता आपोआप पोचते.

प्रश्न : माझ्या हाताखाली चौदा जण आहेत, सगळे घरून काम करतात. कोण खरंच काम करतं, कोण नाही, कळायला मार्ग नाही. दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घेणारं सॉफ्टवेअर लावावं असा विचार आहे. आपलं मत?

लावू नका.

तुमची अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये अकरा देशांतल्या वीस हजार लोकांना विचारलं, तेव्हा ८७ टक्के कर्मचारी म्हणाले की आम्ही नीट काम करतो, आणि ८५ टक्के वरिष्ठ म्हणाले की या नव्या पद्धतीत तसा भरवसा वाटणं कठीण झालंय. म्हणजे दोन्ही बाजूंना आपापलं खरं वाटतं. पण स्क्रीनच्या फोटोने ते मिटत नाही. त्यातून एवढंच कळतं की स्क्रीन चालू होती. माउस आपोआप हलता ठेवणारी उपकरणं बाजारात मिळतात. तुम्ही सॉफ्टवेअर लावाल, ते उपकरण आणतील. आणि जे प्रामाणिक आहेत, त्यांना पहिल्याच आठवड्यात कळेल की आपल्यावर विश्वास नाही. सोडून जायचं ठरलं तर आधी तेच जातील, कारण त्यांना दुसरीकडे काम मिळतं.

चौदा जणांपैकी प्रत्येकाने या आठवड्यात नेमकं काय द्यायचं, हे तुम्ही एका ओळीत सांगू शकता का? नसेल, तर अडचण घराची नाही. ती ओळ सोमवारी ठरवा, शुक्रवारी बघा. प्रत्येकाशी आठवड्यातून वीस मिनिटं एकट्याने बोला. चौदा जणांचे जवळजवळ पावणेपाच तास होतात. फोटो चाळण्यापेक्षा हे कमी आहे.

आणखी एक विनंती, तीही मनापासून. रात्री साडेदहाला ‘सवडीने बघा’ म्हणून मेल टाकत असाल तर थांबा. वरिष्ठांच्या मेलवरचं ‘सवडीने’ कुणीच वाचत नाही. तो मेल सकाळी जाईल असा वेळ लावून ठेवा. कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये तो आणला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेला हिशोब सांगतो की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. घरी हे तास मोजायला कुणी नसतं. तुम्ही मोजा.

प्रश्न : घरून काम सुरू केल्यापासून मान आणि उजवा खांदा धरतो. खुर्ची चांगली घेतली, तरी फरक नाही.

दोष बहुधा लॅपटॉपचा आहे. त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात सोयीचे ठेवले तर मान वाकते, मान सरळ ठेवली तर खांदे उचलले जातात. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, आणि कीबोर्ड व माउस वेगळा घ्या. कोपर साधारण काटकोनात, पावलं जमिनीवर टेकलेली. मी चार महिने पलंगावर उशी घेऊन काम केलं आणि शेवटी माउस धरणारी दोन बोटं बधिर झाली, म्हणून तळमळीने सांगते. डोळ्यांना विसावा म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघा. फोन आला की उभं राहून बोला. बोटांना मुंग्या येत असतील किंवा दुखणं टिकून असेल, तर पुस्तकांवर भागवू नका, डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मी निवृत्त आहे. पत्नी गेल्यापासून मुलाकडे राहतो. तो घरून काम करतो, म्हणजे दिवसभर घरात असतो, पण दार बंद. आतून बोलण्याचा आवाज येतो, बाहेर आला की गप्प असतो. हाक मारली तर ‘बाबा, कॉलवर आहे’. घरात माणूस असून नसल्यासारखं. मी त्याच्या कामात अडथळा आणतो का? तुम्ही त्या बाजूने काम केलं आहे, म्हणून विचारतो.

काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी तो बाहेर आल्यावर गप्प का असतो ते सांगते. व्हिडिओ कॉलवर सतत अगदी जवळून चेहरे समोर असतात, स्वतःचाही चेहरा दिसत राहतो, आणि हलता येत नाही. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी या थकव्याची हीच कारणं २०२१ मध्ये मांडली. चार कॉल झाले की माणसाचं बोलणं संपून जातं. घरच्यांच्या वाट्याला उरलेली शांतता येते. त्याचा राग तुमच्यावर नसतो. पूर्वी प्रवासात त्याला ती शांतता मिळायची आणि घरी येईपर्यंत तो पुन्हा बोलता व्हायचा. आता दार उघडलं की समोर घर.

माझे वडील दोन वर्षं आमच्याकडे होते. मी कॉलवर असताना ते दाराखालून चिठ्ठी सरकवायचे. वहीचा कागद, नीट चार घड्या. ‘दोन वाजता वीज जाणार आहे.’ ‘तुझा फोन बाहेर वाजतोय.’ एकदा नुसतं ‘काही काम नाही’ असं लिहून सरकवलं होतं. मी ती चिठ्ठी वाचली, बाजूला ठेवली आणि कॉल चालू ठेवला. संध्याकाळी विचारायचं राहिलं. नंतर कधीतरी ती वहीत सापडली, तेव्हा वडील नव्हते. तुमच्या मुलाला ही गोष्ट आज कळलेली बरी, म्हणून लिहिते. हवं तर हे पान त्याला वाचायला द्या.

तुम्ही अडथळा नाही. पण दार उघडं असेल तेव्हा बोलू, असं म्हणून वाट बघू नका, कारण तसं ते उघडं मिळणार नाही. त्याला एक ठरलेली वेळ मागा. काम संपल्यावर वीस मिनिटं तुम्ही दोघांनी बाहेर एक फेरी मारायची, पहिली दहा मिनिटं तो बोलला नाही तरी चालेल असं त्याला आधीच सांगून टाका. त्यालाही दिवस मिटवायला काहीतरी हवंच आहे. मी लॅपटॉप कपाटात ठेवायचे, तो तुमच्याबरोबर चालेल. या आठवड्यात विचारा, आणि त्याने कुठली वेळ सांगितली ते मला कळवा.